पाठीवरचा हात

साहेब पिंजऱ्याच्या तळाशी बसले होते.

पक्षी पाळणाऱ्या कुणालाही एवढं एक वाक्य ऐकवा, तो हातातलं काम टाकून उठेल. पोपट दांडीवर बसतो, सळईला उलटा लटकतो, पाण्याच्या वाटीच्या काठावर कसरत करत उभा राहतो, पण जमिनीवर बसत नाही. जमिनीवर बसला म्हणजे वर चढायची ताकद उरलेली नाही. त्यात ही जात मोठी मानी. दुखणं अगदी शेवटपर्यंत लपवते, आणि आपल्या डोळ्यांना दिसायला लागतं तेव्हा बराच उशीर झालेला असतो.

घड्याळजींना हे सगळं ठाऊक होतं. अकरा वर्षं काढली होती त्यांनी पोपटाबरोबर. म्हणूनच सकाळी पिंजऱ्यावरचं कापड ओढलं आणि साहेब कोपऱ्यात पिसं फुगवून, पाय फाकवून, डोळे अर्धे मिटून बसलेले दिसले, तेव्हा ते पिंजऱ्यासमोर खाली बसले. कापड हातात तसंच राहिलं.

"अगं," ते ओरडले, "इकडे ये आधी!"

बायको तोंडातला ब्रश तसाच ठेवून धावत आली. एरवी ती नुसती दारात दिसली तरी साहेब सळईवर चोच आपटून तिचा उद्धार करायचे. आज त्यांनी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ती ब्रश बाजूला काढून म्हणाली, "डॉक्टरला फोन लावा. आत्ता."

साहेब म्हणजे राखी रंगाचा, लालभडक शेपटीचा पोपट. अकरा वर्षांपूर्वी एक गिऱ्हाईक भिंतीवरचं घड्याळ आणि हा पिंजरा असा जोडआहेर घड्याळजींच्या दुरुस्तीच्या दुकानात ठेवून, "दोन दिवसांत येतो" म्हणून गेलं ते गेलंच. घड्याळ महिन्याभरात दुरुस्त झालं. पोपट मात्र आठवडाभर कुणाला जवळ येऊ देईना. आठव्या दिवशी घड्याळजी जमिनीवर ओणवे होऊन तिळाएवढा स्क्रू शोधत होते. पोपट टेबलावरून चालत आला, कुठूनसा तो स्क्रू चोचीत धरून आणला आणि त्यांच्या तळहातावर टाकला. त्या दिवशी घड्याळजी कायमचे त्याचे झाले. टेबलावर पावलं आत वळवून, मान तिरकी करून, प्रत्येक उघड्या घड्याळात डोकावत त्याची फेरी चालायची, म्हणून नाव पडलं साहेब.

साहेबांना सगळ्या गजरांचे आवाज काढता येत. दुकानात गिऱ्हाईक शिरलं की एखादा गजर सुरू व्हायचा, माणूस दचकून मनगट कानाला लावायचा आणि घड्याळजी खुदकन हसायचे. घड्याळाचं झाकण बसल्याचा आवाज झाला की साहेब घड्याळजींच्याच आवाजात म्हणायचे, "झालं!" झाकण नीट बसलं नसेल तर गप्प राहायचे. हे खोटं वाटेल, पण घड्याळजी शपथेवर सांगत. आणि या सगळ्यात एक गोष्ट रोजची. घड्याळजींच्या डोळ्याला भिंग, उजव्या हातात चिमटा. डावा हात मोकळा असायचा. तो हात साहेबांच्या पाठीवर. मानेपासून निघायचा, शेपटीपर्यंत जायचा, मग पंखाखालच्या ऊबदार जागेत बोटं शिरायची. साहेब डोळे मिटून, पंख सैल सोडून, थरथरत बारीक आवाज काढायचे. तसा आवाज ते दुसऱ्या कुणाजवळ काढत नसत.

"माझ्या पाठीवरून नाही हो कधी असा हात फिरला," बायको चारचौघांत म्हणायची, आणि घड्याळजी भिंगामागे लाल व्हायचे.

सहा महिन्यांपूर्वी दुकानाची इमारत पाडली आणि टेबल घरी आलं, खिडकीशी. मग तर दोघांचा दिवस एकत्र सुरू होऊन एकत्रच संपू लागला. टेबलाचा खालचा कप्पा घड्याळजींनी रिकामा करून दिला. साहेब त्या अंधारात तासन् तास कागद फाडत बसायचे. घड्याळजी त्याला साहेबांची केबिन म्हणायचे. इतके सुखात ते दोघं कधीच नव्हते.

गावातला जनावरांचा डॉक्टर म्हणाला, "पोपट? मी कुत्री बघतो हो," आणि त्याने एक नंबर दिला. तीन तासांवरच्या शहरात पक्ष्यांची डॉक्टर होती. तिने नमस्कार वगैरे काही केला नाही.

"नर की मादी?"

"नर."

"तपासून घेतलंय?"

"तपासायचं काय त्यात? आमचे साहेब आहेत ते."

"काका, या जातीत नुसतं बघून कळत नाही. शेपटीच्या अलीकडे, पोटाखाली एक बोट लावा. नुसतं लावा, दाबू नका. काही कडक लागतंय?"

घड्याळजींनी पिंजऱ्यात हात घातला. केसाएवढा वाकलेला काटा ओळखणारं त्यांचं बोट. त्या मऊ, गरम कातडीखाली काहीतरी गोल आणि टणक लागलं आणि त्यांनी बोट झटकन मागे घेतलं.

"हो. मोठ्या गोटीएवढं."

"अंडं आहे. अडकलंय."

"साहेबांना अंडं?" बायको म्हणाली. एरवी या बातमीवर ती महिनाभर हसली असती, शेजारीपाजारी सांगत फिरली असती. पण तिला हसू आलं नाही, कारण नवऱ्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता.

डॉक्टर भराभर सांगत होती. न्हाणीघरात गरम पाणी सोडून वाफ करा, अर्धा तास तिला तिथे ठेवा. मग उबदार खोक्यात घालून घेऊन या. ओढायचं नाही, दाबायचं नाही, तेल लावून काढायचा शहाणपणा करायचा नाही. आत फुटलं तर सगळं संपेल.

"वेळ किती आहे हातात?" घड्याळजींनी विचारलं.

"खाली कधीपासून बसलीय?"

"काल झाकलं तेव्हा ठीक होते. त्यानंतरचं माहीत नाही."

"मग मलाही माहीत नाही. निघा."

घड्याळजींना गाडी चालवता येत नाही. बायको मात्र गेली वीस वर्षं गावाला गाडी शिकवत आली आहे, सगळा गाव तिला मॅडम म्हणतो. तिने फोनवर तीन विद्यार्थ्यांना सुट्टी दिली आणि शिकवणीची गाडी काढली. पुढेमागे लाल पाट्या, आणि शिकवणाऱ्याच्या बाजूलाही एक ब्रेक. आज तिच्या नेहमीच्या जागी घड्याळजी बसले, मांडीवर खोकं घेऊन. खोक्यात टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी, आणि पिशवीला टेकून साहेब. श्वास घेताना त्यांची शेपटी वरखाली होत होती. मधूनच सगळं अंग आवळून ते कळ द्यायचे आणि काहीच न होता पुन्हा सैल पडायचे.

"पायाखाली ब्रेक आहे हं," बायको म्हणाली. "पाय मागे घेऊन बसा."

गाव मागे पडलं. सरळ रस्ता लागला आणि गाडीने वेग घेतला. घड्याळजींनी झाकण जरासं उचलून डावा हात आत घातला. दुसरं काय करणार? जिवाभावाचं कुणी तळमळत असताना माणूस पाठीवर हात फिरवतो. मानेपासून शेपटीपर्यंत, सावकाश. साहेबांनी डोळे मिटले आणि तो बारीक आवाज काढला. घड्याळजींच्या जिवात जीव आला.

"शांत झाले," ते म्हणाले. "हात फिरला की बरं वाटतं त्यांना."

तासाभराने डॉक्टरचा फोन आला. बायकोने तो समोर अडकवून मोठ्या आवाजावर लावला.

"कशी आहे?"

"शांत आहेत," घड्याळजी म्हणाले. "मी सारखा हात फिरवतोय."

"कुठे फिरवताय?"

"पाठीवर."

डॉक्टरचा आवाज एकदम कडक झाला.

"पाठीवर म्हणजे कुठून कुठपर्यंत?"

"मानेपासून शेपटीपर्यंत. पंखाखाली. रोजचंच आहे हो ते, अकरा वर्षांचं."

"काका, हात काढा."

"अहो पण..."

"आधी हात बाहेर काढा. काढलात? आता ऐका. डोक्यावर, मानेवर कुणीही खाजवावं, चालतं. पाठ आणि पंखाखालची जागा मात्र फक्त जोडीदाराची. तिच्या हिशेबी तुम्ही तिचा नवरा आहात. अंधारी जागा दिलीय का कुठली बसायला?"

"टेबलाचा कप्पा," बायको समोर बघतच म्हणाली.

"त्यात कागद फाडते?"

"दिवसभर. सहा महिने झाले."

"ते घरटं. दिवसभर समोर नवरा, हाताशी घरटं आणि पाठीवर हात. तिचं शरीर अंडी करणार नाही तर काय करेल? सहा महिने तुम्ही तिला हेच सांगताय. आत्ताही सांगताय, अजून एक तयार कर म्हणून."

घड्याळजींनी हात बाहेर काढला होता, पण तो कुठे ठेवायचा ते त्यांना कळेना. हात बाजूला झाल्याबरोबर साहेब आतून खोक्यावर डोकं आपटायला लागले. टक, टक, टक. आणि मग ओरडले. सगळं सोडून जाणाऱ्याला मारावी तशी ती हाक होती. घड्याळजींचं अंग एकदम ताठ झालं आणि पाय पुढे गेला.

गाडी कचकन थांबली. मागून ट्रकचा हॉर्न कर्कश वाजला आणि त्याच्या चाकांचा आवाज अगदी पाठीशी येऊन ठेपला.

"पाय!" बायको किंचाळली. "पाय काढा तिथून!"

ट्रक शिव्या देत वितभर अंतरावरून पुढे गेला. बायकोने गाडी कडेला घेतली. तिचे हात स्टिअरिंगवर अगदी स्थिर होते, आवाज मात्र कापत होता.

"मागे बसा."

"अगं, ते मला..."

"त्यांना तुम्ही हवे आहात, तेच नकोय ना? मागे बसा. खोकं इथे राहू दे."

घड्याळजी मुकाट्याने मागे गेले. बायकोने पुढच्या सीटवर खोकं ठेवलं, त्याला पट्टा बांधला आणि गाडी सोडली. आणि ज्या पोपटाने अकरा वर्षं तिच्या बोटांचे लचके तोडले त्याच्याशी ती बोलायला लागली. विद्यार्थ्याशी बोलते तसंच.

"घाबरायचं नाही साहेब. घाई नाही आपल्याला. श्वास घ्या. क्लच एकदम सोडायचा नसतो, हळूहळू सोडायचा. हां, अस्सं. रस्ता कुठे पळून जात नाही. आणि आज मेलात ना, तर बघा. माझ्या दहा बोटांचा हिशोब बाकी आहे तुमच्याकडे."

मागच्या सीटवर घड्याळजी दोन्ही हात काखेत धरून बसले होते. खोक्यातली टकटक आता थांबली होती, आणि ती का थांबली असेल हा विचार त्यांना सहन होत नव्हता.

दवाखाना लहान होता. डॉक्टर त्यांच्या अंदाजापेक्षा पुष्कळच तरुण निघाली. तिने साहेबांना एका पिवळ्या टॉवेलात एका झटक्यात गुंडाळलं, पोट चाचपलं आणि मान हलवली.

"सुईने अंड्यातलं ओढून घेते, म्हणजे कवच आत मिटेल आणि तुकडे काढता येतील. निम्मी निम्मी शक्यता धरा."

दार बंद झालं. आतून साहेबांची एक किंकाळी आली आणि मग काहीच नाही. बाकावर नवरा-बायको शेजारी शेजारी बसले. समोरचं घड्याळ चार मिनिटं मागे होतं, घड्याळजींच्या ते लक्षातही आलं नाही.

"तुम्हाला कसं कळणार होतं?" बायको म्हणाली.

"विचारायला हवं होतं कुणाला तरी. मला वाटायचं, त्यांना आवडतं."

"आवडतच होतं त्यांना."

"तेच तर," घड्याळजी म्हणाले. लाडच विष ठरावेत, ही कल्पना त्यांना झेपत नव्हती. मारलं असतं, उपाशी ठेवलं असतं, तर निदान चूक तरी ओळखता आली असती.

पाऊण तासाने दार उघडलं. डॉक्टरच्या हातातल्या ताटलीत पांढऱ्या कवचाचे तुकडे होते.

"आहे," ती म्हणाली. "जगेल."

घड्याळजी उठून आत जायला निघाले. डॉक्टर दारातच आडवी उभी राहिली.

"तुम्ही नाही काका. मॅडम, तुम्ही या."

मग तिने जे सांगितलं ते घड्याळजींनी उंबऱ्याबाहेरूनच ऐकलं. हाडांतलं कॅल्शियम पार संपलं आहे. अंडी थांबवायचं इंजेक्शन दिलंय, पण नवरा समोर असला तर त्याचा फारसा उपयोग होणार नाही. पुन्हा अंडं आलं तर मी काही करू शकणार नाही. पिंजऱ्याची जागा बदला, कप्पा बंद करा, उजेड कमी ठेवा. आणि काकांनी निदान दोन महिने नजरेसमोर यायचं नाही.

"मग त्यांचं सगळं कोण करणार?" बायकोने विचारलं. "मला तर चावतात ते."

"फार उत्तम. म्हणजे तुमच्यावर जीव नाही तिचा. तुमच्या हातात ती वाचेल."

घरी आल्यावर बिऱ्हाडात फाळणी झाली. साहेबांचा पिंजरा बाहेरच्या खोलीत, बायकोच्या ताब्यात. घड्याळजींनी टेबल उचललं आणि गाडी शिकवायच्या ऑफिसात, रस्त्यांच्या खुणांच्या तक्त्याखाली मांडलं. सकाळी कापड निघण्याआधी ते घराबाहेर पडत आणि संध्याकाळी कापड पडल्यावर मागच्या दाराने आत येत. लग्नाच्या तीस वर्षांत चोरासारखं घरात शिरायची वेळ त्यांच्यावर पहिल्यांदाच आली होती.

साहेब हाका मारत. पहिल्या दिवशी त्यांनी येत होते तेवढे सगळे गजर एकामागून एक लावले. मग "झालं! झालं!" असा धोशा. उत्तर येत नाही म्हटल्यावर नुसत्या किंकाळ्या. शेजारीण विचारून गेली, सगळं ठीक आहे ना? बायकोच्या चार बोटांना पट्ट्या आल्या, पण तिने कॅल्शियमचा एक थेंब चुकवला नाही.

"तुमच्यासाठी करते आहे हे," रोज पट्टी बदलताना ती म्हणायची. "त्यांच्यासाठी नाही. गैरसमज नको."

अकराव्या दिवशी दुपारी तिचा ऑफिसात फोन आला. पिंजऱ्यात खाली अंथरलेल्या कागदाचा साहेबांनी भुगा केला होता आणि त्या भुग्यात ते दबा धरून बसले होते. घड्याळजींनी बसल्या जागी डॉक्टरला फोन लावला.

"अंडं नाही अजून, पण तयारी चाललीय," डॉक्टर म्हणाली. "तुमचा आवाज येतो का तिच्या कानावर?"

"कापड पडल्यावरच मी येतो."

"पायरव कळतो हो तिला. तुमचा खोकलाही कळतो. ती वाट बघते आहे काका, आणि वाट बघणं थांबल्याशिवाय शरीर थांबणार नाही. चार दिवस बघा. नाहीतर दुसऱ्या घरी द्या. माझ्याकडे दोन-तीन चांगली माणसं आहेत."

ते संध्याकाळी बायकोला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ पट्टीचं टोक चाळवत बसली.

"देऊन टाकायचे?"

"ते घर चांगलंच असेल," घड्याळजी म्हणाले. "तिथेही कुणीतरी हौशी माणूस असेल. साहेब त्याच्यावर जीव लावतील आणि तो पाठीवरून हात फिरवेल. कितीही बजावलं तरी फिरवेल. न फिरवून राहवतच नाही, मला माहीत आहे ना."

"मग?"

त्यांनी भलतंच विचारलं. "दवाखान्यातून आल्यावर त्यांना कशाची भीती वाटते का ग?"

"पिवळ्या रंगाची. परवा माझा पिवळा रुमाल दिसला तर धडपडून खाली पडले. तो टॉवेल आठवत असणार. का?"

"काही नाही. सहज."

दुसऱ्या दिवशी घड्याळजी सकाळी घराबाहेर पडलेच नाहीत. बायको अंघोळीला गेली तशी त्यांनी कपाटातून पिवळा टॉवेल काढला, पाठीमागे धरला आणि बाहेरच्या खोलीत जाऊन पिंजऱ्यावरचं कापड ओढलं.

साहेबांनी पाहिलं. क्षणभर त्यांचा विश्वासच बसेना. मग ते एकदम दांडीवर चढले, सळयांना येऊन बिलगले, पंख सैल पडले, पाठ खाली वाकली आणि अकरा दिवस कुणी न ऐकलेला तो बारीक आवाज सुरू झाला. मान वरखाली करून त्यांनी खाल्लेलं पुन्हा चोचीत आणलं आणि घड्याळजींच्या पुढे केलं. आपल्या घशातला घास पोपट फक्त आपल्या माणसाला देतो. घड्याळजींनी पिंजऱ्याचं दार उघडलं. साहेब त्यांच्या मनगटावर आले आणि वाट बघत पाठ वाकवून उभे राहिले.

एवढं एकदा फिरवू दे हात, त्यांच्या मनात आलं. एकदाच. नंतर करू काय ते.

हात उचललाही होता त्यांनी. मग त्यांनी दात आवळले, मागून टॉवेल काढला आणि त्या वाकलेल्या पाठीवर टाकला.

साहेब किंचाळले. घड्याळजींनी त्यांना डॉक्टरने धरलं होतं तसंच घट्ट धरलं, डोकं तेवढं बाहेर. हाताखाली ते इवलंसं काळीज इतकं धडधडत होतं की आत्ता थांबेल, आपल्याच हातात थांबेल, अशी भीती वाटून घड्याळजींना घाम फुटला. तरी त्यांनी मनात दहा आकडे मोजले. मग सोडलं. साहेब फडफडत दांडीवर गेले, धापा टाकत त्यांच्याकडे बघत राहिले. आणि काय वेडं पाखरू! थोड्या वेळाने एक पाऊल पुढे टाकून पुन्हा मान खाली केली. चूक झाली असेल तुमच्याकडून, असं म्हणाल्यासारखी.

घड्याळजींनी पुन्हा टॉवेल टाकला.

या वेळी साहेब चावले. बोटाच्या पेरात चोच रुतली, आरपार गेली असं वाटलं. अकरा वर्षांत त्यांना एकदाही चावले नव्हते. घड्याळजींनी हूं की चूं केलं नाही. एक शब्दही ते बोलले नाहीत, कारण बोलले असते तर सगळं केलेलं वाया गेलं असतं. दहा मोजले, सोडलं आणि रक्ताने भरलेल्या हाताने तिसऱ्यांदा टॉवेल उचलला.

"अहो!" बायको ओल्या केसांनी दारात उभी होती. "काय चालवलंय हे? राक्षस आहात का तुम्ही?"

तिसऱ्यांदा टॉवेल पडायच्या आत साहेबांनी खोलीभर एक वेडीवाकडी झेप घेतली. ते पडद्यावर आपटले, तिथून निसटले आणि समोर जे दिसलं त्याला जाऊन चिकटले. ते बायकोच्या खांद्यावर होते. तिच्या ओल्या केसांत तोंड खुपसून ते थरथर कापत होते. बायको जागच्या जागी गोठली. मग हळूच हात वर नेऊन तिने त्यांच्या डोक्यावर एक बोट टेकवलं. ते चावले नाहीत.

तिने नवऱ्याकडे पाहिलं. टॉवेल, रक्त, चेहरा. आणि सगळं समजून तिचे डोळे भरून आले.

"मला सांगायचं तरी होतं आधी," ती हळू आवाजात म्हणाली.

"तू करू दिलं नसतंस."

पुढचे तीन आठवडे घड्याळजी रोज सकाळी मुद्दाम एकदा त्या खोलीच्या दारात उभे राहत. हातात टॉवेल असायचा, वापरायची गरज मात्र पडली नाही. कागदाचा भुगा थांबला. हाका थांबल्या. साहेब बायकोच्या खांद्यावर बसून शिकवणीच्या ऑफिसातून येणारे फोन ऐकायला लागले आणि तिच्या आवाजात "ब्रेक! ब्रेक!" म्हणायला लागले. त्यानंतरच्या शनिवारी डॉक्टरने बोलावून घेऊन तपासलं आणि म्हणाली, धोका टळला. हाडं भरताहेत. अशीच राहिली तर वीस वर्षंही जगेल.

त्या दिवशी घरी आल्यावर बायको खुशीत होती.

"आता या ना जवळ," ती म्हणाली. "डोक्यावर हात चालतो म्हणाली डॉक्टर. मी धरते, तुम्ही नुसतं एक बोट लावा. हळूहळू ओळख परत होईल."

घड्याळजींनी टॉवेल बाहेर ठेवला आणि एक पाऊल आत टाकलं. साहेबांची सगळी पिसं अंगाला घट्ट चिकटली. ते मागे सरकत सरकत बायकोच्या मानेला भिडले आणि त्यांनी चोच उघडली.

घड्याळजी थांबले. मग दोन पावलं मागे आले.

"नको," ते म्हणाले. "घाबरू दे. घाबरतात तोवर जगतील."

"अहो, पण कायमचं?"

"वीस वर्षं म्हणाली ना डॉक्टर?" घड्याळजी हसले, चांगलं मोकळं हसले. "मग वीस वर्षं."

त्यांनी चपला घातल्या, ऑफिसात एक घड्याळ उघडं ठेवून आलोय असं सांगितलं आणि दार ओढून घेतलं. जिन्यात आल्यावर मात्र त्यांना पुढची पायरी दिसेना, म्हणून ते थोडा वेळ तिथेच बसून राहिले.